आधी परीक्षा, मग ताशा

माझं डोकं फिरलं की माझ्या तोंडातून नागपुरी बाहेर पडतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. एरवी मी चारचौघींसारखीच बोलते. पुण्याचा नवरा, मुंबईच्या मैत्रिणी, ऑफिसातलं इंग्रजी, या सगळ्यांत माझी माहेरची बोली घासून घासून गुळगुळीत झाली आहे. पण गेल्या दोन-अडीच वर्षांत आमच्या अमेरिकेतल्या, हर्नडनच्या घरात जेवढं नागपुरी ऐकू आलं, तेवढं लग्न झाल्यापासून आलं नव्हतं. कारण काय, तर एक शाळा.

आमच्या भागात एक सरकारी हायस्कूल आहे. नववीपासून सुरू होतं आणि तिथे मुलं निवडून घेतात. विज्ञान-गणितासाठी नावाजलेलं आहे. आमच्या मराठी मंडळींत त्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही, नुसतं 'ती शाळा' म्हणतात. 'त्यांचा मोठा त्या शाळेत आहे' असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्यांचे आवाज आपोआप खाली येतात. मग बाकीची मुलं काय उकिरड्यावर शिकतात? आमच्या घराजवळच्या साध्या हायस्कूलला नाटकाचं थिएटर आहे, वाद्यांची वेगळी खोली आहे, प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलाला गॅसचा नळ आहे. मी नागपुरात महापालिकेच्या शाळेत शिकले. आमची प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट होतं, आणि किल्ली हेडमास्तरांकडे असायची. त्या कपाटात काय होतं ते मला अजून माहीत नाही. तरी माझं काही अडलं नाही.

माझ्या लेकीला ती शाळा नको होती आणि हवीही नव्हती. तिला ताशा हवा होता.

इथे आमच्या मंडळाचं ढोल-ताशा पथक आहे. शनिवारी सकाळी ऑफिसांचे पार्किंग लॉट ओस पडलेले असतात, तिथे सराव चालतो. आधी एका बागेत चालायचा, पण शेजारच्यांनी आवाजाची तक्रार केली आणि पोलीस येऊन गोड बोलून गेले. लेक चौथीत असताना मी तिला तिथे नेलं ते तिनं शनिवारभर आयपॅडला चिकटून बसू नये म्हणून. आधी तिच्या हातात झांज दिली. वर्षभरात तिनं ताशा मागून घेतला. ढोल कितीही असोत, ते ताशाच्या मागे चालतात. ताशानं इशारा दिला की ढोल ठेका बदलतात. पथकाचा प्रमुख, ज्याला सगळी मुलं दादा म्हणतात, तो कुणाला उगाच चढवणारा माणूस नाही. पण सहावीत त्यानं तिला पहिल्या रांगेत उभं केलं. म्हणाला, "हिचा हात बसलाय."

घरी ती पोळ्यांच्या डब्यावर काड्या वाजवायची. सोफ्याच्या हातावर, जेवणाच्या टेबलावर, माझ्या पाठीवर. मी ओरडायची, पण खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. आणखी एक गोष्ट होती. घरात मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. पथकात मात्र ती मराठीत बोलायची, तेही कुणी न सांगता. "दादा, हा तोडा परत घेऊ या का?" असं तिनं विचारलेलं मी कारमध्ये बसून ऐकलं होतं, आणि त्या दिवशी मी भारतात फोन करून आईला तेवढंच एक वाक्य सांगितलं होतं.

सातवी सुरू झाली आणि नवऱ्यानं क्लास शोधला. कसला क्लास, तर त्या शाळेच्या प्रवेश परीक्षेचा. एक मराठी सर आपल्या टाउनहाउसच्या बेसमेंटमध्ये चालवतात. शनिवारी सकाळी. म्हणजे सरावाच्याच वेळेला.

मी म्हटलं, दुसरी वेळ बघ. नवरा म्हणाला, दुसरी वेळ नाही. मग त्यानं लेकीला समोर बसवलं आणि समजावलं. माझा नवरा वाईट माणूस नाही, तो कधी आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड आहे. तो म्हणाला, "आधी परीक्षा, मग ताशा. एवढी एक परीक्षा होऊ दे, मग तू रोज वाजव. प्रॉमिस."

आणि मग त्यानं त्याची नेहमीची गोष्ट सांगितली. पुण्याला तो लहानपणापासून तबला शिकत होता. गुरुजी म्हणायचे, पोराचा हात बसलाय. दहावीत गेल्यावर त्याच्या वडिलांनी तबला-डग्गा चादरीत बांधून माळ्यावर टाकला. बारावी होऊ दे, मग वाजव म्हणाले. बारावी झाली, इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा झाली, मोठं कॉलेज मिळालं, नोकरी लागली, इथे आला. तबला अजून त्या माळ्यावर आहे. हे सगळं तो अभिमानानं सांगतो. "आणि काय बिघडलं माझं?" असं शेवटी विचारतो.

काय बिघडलं ते मी रोज बघते. सिग्नलला गाडी थांबली की त्याची बोटं स्टिअरिंगवर चालायला लागतात. धा धिं धिं धा. त्याला स्वतःला कळतसुद्धा नाही. सिग्नल सुटला की बोटं थांबतात.

त्या बेसमेंटचं काय सांगू. जिन्यावर बुटांचा ढीग, खाली घडीच्या खुर्च्या, भिंतीवर व्हाइटबोर्ड. आपलीच सगळी पोरं, शनिवारी सकाळी, बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना. परीक्षा म्हणजे आता पूर्वीसारखी नुसती गणितं नाहीत. गणित-विज्ञानाचा एक मोठा प्रश्न सोडवून तो शब्दांत मांडायचा, आणि स्वतःबद्दल लिहायचं: तू कोण आहेस, एखादा अडथळा कसा पार केलास, वगैरे. मला वाटलं, चला, हे बरं झालं. स्वतःबद्दल लिहायला क्लास कशाला लागतो?

लागतो, म्हणे.

लेकीनं पहिला निबंध ताशावर लिहिला होता. मी वाचला होता तो. एकदा मिरवणुकीत तिचा ठेका चुकला, तिच्यामागे अख्खी ढोलांची रांग चुकली, आणि मग तिनं न थांबता, डोळ्यांनी दादाला विचारून, सगळ्यांना परत समेवर कसं आणलं ते लिहिलं होतं. इंग्रजीत होता, पण 'सम' हा शब्द तिनं तसाच ठेवला होता आणि त्याचा अर्थ समजावून दिला होता. मला रडू आलं वाचताना. सरांनी त्यावर तिरकी रेघ मारली. ढोल-ताशा सगळेच लिहितात म्हणाले, कल्चरल होतं ते. त्यापेक्षा रोबोटिक्सवर लिही. आजीला गोळ्यांची आठवण करून देणारा रोबोट बनवलास असं लिही, त्यात फॅमिली पण येते आणि टेक्नॉलॉजी पण.

मी सरांना फोन केला. म्हटलं, "सर, माझी आई नागपुरात ठणठणीत आहे, तिला एकही गोळी चालू नाही. आणि माझ्या मुलीनं रोबोट बनवलेला नाही."

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, इट्स जस्ट अ फ्रेमवर्क."

फ्रेमवर्क म्हणे. तेरा वर्षांच्या पोरीला सांगायचं की तू जी आहेस ती पुरेशी नाहीस, जी नाहीस ती लिही, आणि त्याला फ्रेमवर्क म्हणायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "कायले जीव घेऊन राहिले तुम्ही दोघं त्या पोरीचा?" तो म्हणाला, सरांच्या क्लासची मुलं दरवर्षी त्या शाळेत लागतात, त्यांना कळत असेल. लेकीनं रोबोट पाठ केला. न बनवलेला रोबोट, आजारी नसलेल्या आजीसाठी.

आठवीतल्या गणपतीत ती वाजवायला नव्हती. सराव नाही तर मिरवणुकीत जागा नाही, हा पथकाचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. परीक्षा तोंडावर आली होती. ती माझ्या शेजारी उभी राहून बघत होती, आणि तिच्या उजव्या हाताची बोटं तिच्या मांडीवर चालत होती. मी नवऱ्याकडे बघितलं. तो फोनवर फोटो काढत होता.

त्या शाळेनं खरंच काही फरक पडतो का, हे मला कुणी तरी सांगावं असं फार वाटायचं. ऑफिसात माझ्या टीममध्ये त्याच शाळेतून निघालेला एक तरुण आहे. आपला नाही, इथलाच. माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसतो आणि मी सॉफ्टवेअरमधले जे बग शोधते तेच शोधतो. एकदा लंचला मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, शाळा चांगली होती, शिक्षक फार चांगले होते, मित्र अजून आहेत. झोप मात्र चार वर्षं झाली नाही. मी विचारलं, मग त्याचा उपयोग? तो जरा विचार करून म्हणाला की कॉलेजात गेल्यावर कोणत्या शाळेतून आलास ते कुणी विचारलंच नाही. मी घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "त्याला मिळालं होतं ना, म्हणून तो असं बोलू शकतो." हे ऐकून मी आणखीच चिडले.

आणि हेही सांगते, की काही मुलांना ती शाळा मनापासून हवी असते. माझ्या लेकीची जवळची मैत्रीण त्याच क्लासला होती. तिला केमिस्ट्रीचं इतकं वेड आहे की आमच्याकडे राहायला आली तर ती माझ्या स्वयंपाकघरातला व्हिनेगर आणि खायचा सोडा संपवून जाते. तिनं त्या शाळेत जावंच. तिच्यावर माझा काय राग असणार. माझा राग अशांवर आहे ज्यांना वाटतं की सगळ्या पोरांनी एकाच दारातून आत शिरायचं आणि जे शिरले नाहीत ते बाहेर राहिले.

वसंतात निकाल लागला. मैत्रिणीला ती शाळा मिळाली, लेकीला नाही. तिनं लॅपटॉप बंद केला आणि नवऱ्याकडे बघून विचारलं, "सो, ताशा?"

ती रडली नाही. तिला खरोखर तेवढंच विचारायचं होतं. नवरा म्हणाला, "हो हो, बघू." आणि मला त्या 'बघू'मध्येच सगळं कळलं.

आठवड्याच्या आत सरांचा फोन. दहावीला त्या शाळेत थोड्या जागा निघतात, त्यासाठी वेगळी परीक्षा असते, वेगळी बॅच असते, उन्हाळ्यापासून सुरू. शनिवारी सकाळी. नवऱ्यानं हो म्हणून टाकलं. मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की त्यात माझ्या सासऱ्यांचा माळासुद्धा आला. नवरा म्हणाला, "एवढं केलंय ते वाया घालवायचं का? एकच वर्ष तर आहे." मी म्हटलं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतोयस तू, आणि हात तुझा नाहीये, तिचा आहे. मग मी लेकीच्या खोलीत गेले. म्हटलं, तू जाऊ नकोस, मी बघते काय करायचं ते. ती म्हणाली, "इट्स ओके, आई. बाबाला वाईट वाटेल."

आता या पोरीला काय म्हणायचं? जिचा शब्द मोडला तीच शब्द मोडणाऱ्याची समजूत काढत होती. ती क्लासला जायला लागली.

मग गणपती आले. दादानं मोठं मन केलं. या वर्षी तिला वाजवू दे, म्हणाला, जुनी आहे, सांभाळून घेऊ. दुसऱ्या रांगेत का होईना, ताशा मिळाला. आदल्या दिवशी तिनं स्वतः फेटा काढून ठेवला, पांढरा कुर्ता इस्त्री केला. डब्यावर वाजवून बघितलं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मंडळाचा कार्यक्रम एका शाळेचं सभागृह भाड्यानं घेऊन असतो. आधी आरती, मग जेवण, मग गुणगौरव, आणि शेवटी पार्किंग लॉटमध्ये विसर्जनाची मिरवणूक. गुणगौरव म्हणजे त्या वर्षी ज्या मुलांनी नाव काढलं त्यांना स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ द्यायचा. आता नाव काढलं म्हणजे काय, ते समिती ठरवते. चित्रकलेत बक्षीस मिळवलेल्या मुलाला मी तिथे कधी बघितलेलं नाही. त्या शाळेत प्रवेश मिळाला की मात्र नारळ ठरलेला.

आणि आपल्याकडे सत्कार म्हटला की तबक आलं. शाली, नारळ, गुलाबाची फुलं ठेवलेलं तबक घेऊन पाहुण्यांच्या मागे कुणी तरी मुलगी उभी राहिली पाहिजे. समितीतल्या एक काकू, सदा लगबगीत असणाऱ्या, स्टेजच्या विंगेत आल्या आणि त्यांची नजर माझ्या लेकीवर पडली. फेटा बांधून, ताशा भिंतीला टेकवून ती मिरवणुकीची वाट बघत बसली होती. काकू म्हणाल्या, "अगं, तू रिकामीच आहेस ना? उंचही आहेस, छान दिसशील. जरा हे तबक धर."

तिनं धरलं. नाही म्हणायला आम्ही तिला कुठे शिकवलंय.

मी खाली बसले होते. पडदा सरकला आणि बघते तर माझी पोर तबक घेऊन उभी. एकेका मुलाचं नाव पुकारलं जात होतं, त्याच क्लासची पोरं, त्याच घडीच्या खुर्च्यांवर हिच्या शेजारी बसलेली. पाहुणे तबकातून नारळ उचलत होते, टाळ्या वाजत होत्या, आणि ती तबक जरासं पुढे करत होती, मागे घेत होती. मी उठून स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत गेले. तिनं मला बघितलं आणि मान हलवली, येऊ नको अशी. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीचं नाव आलं. त्या पोरीला तबक कुणाच्या हातात आहे ते दिसलं आणि तिचा चेहरा पडला. माझ्या लेकीनंच तिला बघून हसून दाखवलं. फोटोत मैत्रीण हसत नाहीये, ही हसतेय.

मी काकूंना विंगेत गाठलं. म्हटलं, "काकू, तुम्हाला दुसरी मुलगी सापडली नाही?"

त्यांना खरंच कळलं नाही. "अगं, कुणी तरी धरायलाच हवं ना."

"मग ज्यांनी धरलं त्यांना नारळ कधी देणार तुम्ही? साध्या शाळेत शिकणारी सगळी पोरं काय तुमच्या सत्काराची तबकं धरायला जन्माला आलीत? काऊन? त्या परीक्षेला माझी मुलगीपण बसली होती. तुम्हाला माहीत होतं."

काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "माझ्या डोक्यातच आलं नाही गं," म्हणाल्या. आणि मला त्याचीच चीड आली. मुद्दाम केलं असतं तर भांडता आलं असतं. त्यांच्या डोक्यात आलं नाही, कुणाच्याच आलं नाही, दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. त्यांत माझा नवराही होता.

मग मिरवणूक. पार्किंग लॉटमध्ये गणपती ट्रकवर ठेवला, ढोल बांधले गेले. दादानं शिट्टी वाजवली आणि पहिल्या रांगेतल्या ताशांनी सुरुवात केली. मी लेकीच्या बाजूला फुटपाथवर होते. तिच्या काड्या उठल्या, पडल्या. वरवर बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण मी तिला वर्षानुवर्षं पोळ्यांच्या डब्यावर ऐकलंय. तर्री, म्हणजे काड्यांचा तो सलग कडकडाट, मध्येच तुटत होती. डावा हात मागे राहत होता. तिनं जोर लावला तसं आणखी बिघडलं. ढोलांनी ठेका बदलायची वेळ आली तेव्हा ती एकटीच जुन्या ठेक्यात राहिली, आणि मग तिनं काड्या ताशावर नुसत्या टेकवल्या, हात हलत राहिले, आवाज येईना. मिरवणूक संपेपर्यंत ती तसंच वाजवल्यासारखं करत होती.

नवरा जवळ येऊन म्हणाला, "छान वाजवलंस गं." त्याला तबल्याचे कान आहेत. त्याला कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही.

घरी येताना गाडी तो चालवत होता. मी त्याच्या शेजारी बसले होते; तोंड उघडलं असतं तर गाडी थांबवावी लागली असती. लेक मागे बसली होती, फेटा सोडून मांडीवर घेऊन. ती म्हणाली, "आई, माझा हात गेला."

चक्क मराठीत म्हणाली. दादाकडून शिकलेले शब्द.

मी काही म्हणायच्या आत नवरा बोलला. "येईल गं परत. असा हात कुठे जातो का? ही परीक्षा झाली ना, की बघ, पुढच्या वर्षी…"

सिग्नल लाल झाला. गाडी थांबली आणि त्याची बोटं स्टिअरिंगवर चालायला लागली, नेहमीसारखी. मागून लेकीनं ते बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाबा, तुझा आला?"

बोटं थांबली. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागच्यानं हॉर्न दिला, मग दुसऱ्यानं दिला. मग त्यानं गाडी काढली आणि घर येईपर्यंत दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं.

क्लास त्यानंच कॅन्सल केला, माझ्याशी एक शब्दही न बोलता. आता शनिवारी सकाळी तो तिला सरावाला सोडतो. ती मागच्या रांगेत, झांजा सोडून नुकताच ताशा घेतलेल्या छोट्या मुलांबरोबर, पहिल्यापासून शिकते. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. तिचा हात अजून आलेला नाही. नवरा सराव संपेपर्यंत गाडीतच बसून राहतो, काचा वर करून.